पिन ९ आणि चार तारांचा पंखा: ऊनो बोर्डवर २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला चार तारांचा पंखा आर्डुइनो ऊनो बोर्डच्या पिन ९ ला जोडून अ‍ॅनालॉगराइटने २५५ पैकी १२८ लिहिलं, की पंखा निम्म्या वेगाने फिरेल असं वाटतं. प्रत्यक्षात एखादा पंखा टकटक करत अडखळतो, एखादा सरळ पूर्ण वेगाने सुटतो आणि एखादा नशिबाने बरा चालतो. पंखा बिघडलेला नसतो, बोर्डही नसतो. या पंख्यांसाठी इंटेलने जे मानक ठरवलं आहे त्यात नियंत्रणाच्या तारेवर २५ किलोहर्ट्झची पल्स अपेक्षित आहे, फार तर २१ ते २८ च्या दरम्यान. अ‍ॅनालॉगराइट पिन ९ वर देतं ४९० हर्ट्झ. म्हणजे पन्नासपट हळू.

हा फरक मिटवायचा तर अ‍ॅनालॉगराइट बाजूला ठेवून थेट टायमरशी बोलावं लागतं. इथे खरं समजून घ्यायचं ते एवढंच: पीडब्ल्यूएम (म्हणजे ठरलेल्या प्रमाणात चालू-बंद होणारी पल्स) पिन देत नाही, पिनमागचा टायमर देतो. कोणती पिन कोणत्या टायमरची आणि त्या टायमरवर आणखी कोण हक्क सांगतंय, हे डोक्यात पक्कं असलं की या विषयातल्या बहुतेक तक्रारींचा उगम सापडतो.

एक खुलासा आधीच. रजिस्टरांची (टायमरच्या सेटिंगच्या चिपमधल्या कप्प्यांची) आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) ती रोमन अक्षरांतच टाइप करायची आणि रजिस्टरांची सगळी अक्षरं मोठी ठेवायची. टीसीसीआर१ए म्हणजे टी, सी, सी, आर, आकडा एक, ए. बाकीचीही तशीच सुटी करून वाचा.

कोणाची पिन कोणाकडे

ऊनो आर३ वर अ‍ॅटमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. तिच्यात तीन टायमर आहेत. टायमर ० आठ बिटांचा, त्याच्या पिन ५ आणि ६. टायमर १ सोळा बिटांचा, त्याच्या पिन ९ आणि १०. टायमर २ पुन्हा आठ बिटांचा, त्याच्या पिन ३ आणि ११. बोर्डवर ज्या सहा आकड्यांशेजारी नागमोडी खूण छापलेली असते त्या याच.

टायमर ० ला हात लावू नका. मिलिस, मायक्रोस आणि डिले या वेळेच्या तिन्ही आज्ञा त्याच्यावर चालतात. त्याचा प्रीस्केलर (घड्याळाचे ठोके मंद करणारा भाजक) ६४ वरून १ केला, तर डिले १००० लिहूनही थांबणं होतं जेमतेम १५ मिलिसेकंदांचं आणि सगळा प्रोग्राम उधळतो. टायमर २ वर टोन ही आज्ञा हक्क सांगते, म्हणून बझर वाजवला की पिन ३ आणि ११ चा पीडब्ल्यूएम बिघडतो. टायमर १ सर्व्हो लायब्ररी घेते. प्रकल्पात सर्व्हो नसेल तर टायमर १ मोकळा आणि तोच आपल्याला हवा, कारण सोळा बिटांमुळे त्याची वरची मर्यादा आपल्याला पाहिजे त्या आकड्यावर ठेवता येते.

हे सगळं आर३ आणि त्याच चिपच्या नॅनोसाठी. २०२३ मध्ये आलेल्या ऊनो आर४ वर रेनेसासची वेगळी चिप आहे. ही रजिस्टरं तिच्यात नाहीतच, त्यामुळे स्केच कंपाइलच होणार नाही. मेगा बोर्डवर टायमर १ च्या पिन ११ आणि १२ आहेत, तिथली पिन ९ टायमर २ ची आहे. ३.३ व्होल्टची प्रो मिनी ८ मेगाहर्ट्झवर चालते, तेव्हा खाली जिथे ३२० आहे तिथे तिच्यासाठी १६० धरायचे.

सामान आणि जोडणी

ऊनो आर३, १२ व्होल्टचा चार तारांचा पंखा, १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ४.७ किलोओहमचा एक आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर (त्यावर १०३ छापलेलं असतं), चाचणीसाठी एक लाल एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर, साधा मल्टिमीटर. हे सगळं लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. ट्रान्झिस्टर पाच-दहा एकदम घ्या, प्रयोगात एखादा जातोच.

पंख्याच्या तारा रंगावरून ओळखायला जाऊ नका. मानकाप्रमाणे काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी टॅको (फेऱ्यांची पल्स देणारी) आणि निळी नियंत्रणाची. पण काही पंख्यांत लाल तार १२ व्होल्टची आणि पिवळी टॅकोची असते, काहींत चारही काळ्या. पिवळीला १२ व्होल्ट समजून बसलात आणि ती टॅको निघाली, तर पंख्यातला सेन्सर धोक्यात. म्हणून कनेक्टर पाहा. त्याच्या एका अंगाला दोन उभे कंगोरे असतात आणि ते तीनच भोकांच्या रुंदीत बसतात. कंगोऱ्यांच्या बाहेर जे एकटं भोक पडतं ते चौथं, म्हणजे नियंत्रणाचं. तिथून आत मोजत आलं की तिसरं टॅको, दुसरं १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाचं पहिलं ग्राउंड. पुढे निळी म्हणजे चौथ्या भोकाची तार आणि हिरवी म्हणजे तिसऱ्याची, रंग कोणताही असो.

पंख्याला १२ व्होल्ट थेट अ‍ॅडॉप्टरवरून द्या, बोर्डच्या ५ व्होल्टवरून किंवा पिनमधून नाही. ऊनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत घ्यावेत, ४० ही चिपची कमाल सहनमर्यादा, आणि १२० मिलिमीटरचा साधा पंखासुद्धा १०० ते ३०० मिलिअँपिअर खातो. अ‍ॅडॉप्टरचं ग्राउंड आणि बोर्डचं ग्राउंड मात्र एका तारेने जोडलंच पाहिजे. ही एक तार राहिली की नियंत्रणाच्या पल्सला परतीचा रस्ता उरत नाही, आणि पंखा कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. ‘काल चाललं होतं, आज नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हीच तार बघा.

आता ट्रान्झिस्टर. पिन ९ थेट निळ्या तारेला जोडली तरी पुष्कळ पंखे चालतात, आणि इंटरनेटवरच्या अर्ध्या आकृत्यांत तसंच दाखवलेलं असतं. तरी बीसी५४७ घालाच. नियंत्रणाची तार पंख्याच्या आतच एका रेझिस्टरने वर ओढलेली असते. बाहेरच्याने ती फक्त खाली, म्हणजे ग्राउंडकडे, खेचायची आणि सोडून द्यायची, असा मानकाचा करार आहे. खाली खेचताना येणारा प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आतच असतो. थेट जोडलं आणि बोर्डची यूएसबी निघाली तर पंख्याकडून येणारा प्रवाह पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून चिपमध्ये शिरतो. बोर्ड अर्धवट जागा होतो, नियंत्रणाची तार खाली दबून राहते आणि ज्या क्षणी नियंत्रण गेलंय त्याच क्षणी पंखा मंदावतो. ट्रान्झिस्टर असला की उलटं होतं: बोर्ड मेला, ट्रान्झिस्टर बंद, तार वर आणि पंखा पूर्ण वेगाने. थंड करणारी वस्तू बिघडली तर अशीच बिघडायला हवी.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे केली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर निळ्या तारेला, एमिटर ग्राउंडला, बेस ४.७ किलोओहममधून पिन ९ ला. बेस आणि एमिटरमध्ये १० किलोओहम. हा नसेल तर रीसेटच्या वेळी पिन मोकळी असताना बेस हवेतला आवाज पकडतो. ३.३ व्होल्टच्या पिनलाही ही जोडणी चालते. तिथे बेसमध्ये अर्धा मिलिअँपिअर जातो आणि ५ मिलिअँपिअर खेचायला तो पुरतो.

जोडण्याआधी एक मापन करा. पंख्याला फक्त १२ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, निळी तार मोकळी ठेवा. पंखा पूर्ण वेगाने फिरला पाहिजे. निळी तार आणि ग्राउंडमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ३.३ ते ५ च्या आसपास आकडा येईल, मानकाची कमाल ५.२५. इथे १२ च्या जवळचा आकडा दिसला तर पंखा मानकातला नाही किंवा तारा ओळखण्यात चूक झाली आहे. थांबा आणि कनेक्टर पुन्हा मोजा. मिळालेला आकडा कागदावर टिपून ठेवा, पुढे लागेल.

३२० कुठून आला

टायमर म्हणजे घड्याळाच्या ठोक्यागणिक एकने वाढणारा मोजणी आकडा. फेज करेक्ट प्रकारात तो शून्यापासून ठरलेल्या माथ्यापर्यंत चढतो आणि तसाच पायरी-पायरीने उतरतो. एक चढ आणि एक उतार मिळून पल्सचं एक आवर्तन. १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ आणि २५ किलोहर्ट्झ हवेत, तर एका आवर्तनात १,६०,००,००० भागिले २५,००० म्हणजे ६४० ठोके. चढाला ३२०, उताराला ३२०. म्हणून माथा ३२०. हा आकडा आयसीआर१ या रजिस्टरमध्ये जातो. चढता-उतरता आकडा ओसीआर१ए मधली खूण ओलांडतो तेव्हा पिन ९ पलटते. खूण ८० वर ठेवली की एक चतुर्थांश, १६० वर निम्मं.

फास्ट प्रकारात आकडा फक्त चढतो आणि एकदम शून्यावर पडतो. तिथे माथा ६३९ आणि पायऱ्या दुप्पट मिळतात, त्यामुळे तो मोहात पाडतो. पण त्यात खूण शून्यावर ठेवली तरी दर आवर्तनात एका ठोक्याची, साडेबासष्ट नॅनोसेकंदांची बारीक पल्स उरतेच. फेज करेक्टमध्ये शून्य म्हणजे शून्य आणि ३२० म्हणजे पूर्ण. पंख्याला ३२० पायऱ्या गरजेपेक्षा जास्तच आहेत.

आणखी एक गोष्ट ट्रान्झिस्टरमुळे येते. पिन वर गेली की ट्रान्झिस्टर चालू होतो आणि निळी तार खाली जाते, म्हणजे सगळं उलटं. हे उलटंपालटं सॉफ्टवेअरमध्ये ३२० मधून वजा करून सुलटं करता येतं, पण टायमरलाच उलट चालायला सांगणं जास्त स्वच्छ. त्यासाठी कॉम१ए१ आणि कॉम१ए० हे दोन्ही बिट एक करायचे.

सेटअपमध्ये काय लिहायचं

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून ओळी याच क्रमाने घ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम.

पिनमोडने पिन ९ आउटपुट करा.
टीसीसीआर१ए = ०
टीसीसीआर१बी = ०
टीसीएनटी१ = ०
ओसीआर१ए = ३२०
टीसीसीआर१ए = १९४
टीसीसीआर१बी = १६
आयसीआर१ = ३२०
टीसीसीआर१बी = १७

१९४ म्हणजे १२८ अधिक ६४ अधिक २. पहिले दोन आकडे कॉम१ए१ आणि कॉम१ए०, उलट पल्ससाठी. २ हा डब्ल्यूजीएम११. १७ म्हणजे १६ अधिक १: १६ हा डब्ल्यूजीएम१३ आणि १ हा सीएस१०, म्हणजे प्रीस्केलर नाही, घड्याळ थेट. डब्ल्यूजीएम१३ आणि डब्ल्यूजीएम११ मिळून प्रकार क्रमांक १० होतो: फेज करेक्ट, माथा आयसीआर१ मध्ये. असा प्रकार ठरल्यावरच आयसीआर१ लिहिता येतो, म्हणून आधी नुसते १६ आणि घड्याळ सुरू करणारे १७ शेवटी. ट्रान्झिस्टर न लावता थेट जोडायचा हट्ट असेल तर १९४ च्या जागी १३०.

आधी दोन्ही रजिस्टरं शून्य करण्याची ओळ अनेकजण फालतू समजून गाळतात. ती गाळू नका. आर्डुइनोचा कोअर (स्केचला आपोआप जोडला जाणारा मूळ कोड) सेटअपच्या आधीच टायमर १ लावून ठेवतो, अ‍ॅनालॉगराइट चालावं म्हणून. त्याने डब्ल्यूजीएम१० चा बिट आणि ६४ चा प्रीस्केलर आधीच चढवलेला असतो. त्यावर तुम्ही ‘बरोबर’ या चिन्हाऐवजी ‘किंवा-बरोबर’ वापरून बिट मिसळलेत, तर जुने बिट तसेच राहतात. १९४ चे होतात १९५, १७ चे होतात १९. प्रकार १० न होता ११ होतो आणि त्यात माथा असतो ओसीआर१ए. म्हणजे ड्यूटी (आवर्तनातला चालू वेळेचा वाटा) बदलायला गेलात की फ्रिक्वेन्सीच बदलते, तीही ६४ पट हळू. कोड डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो आणि चूक सापडायला संध्याकाळ जाते.

टायमर थांबवून मगच आयसीआर१ बदलायचं, हेही यातच आलं. मोजणी ३२० च्या पुढे असताना माथा ३२० वर आणला तर मोजणीला माथा भेटतच नाही. ती ६५,५३५ पर्यंत चढत जाते आणि एक लांबलचक आवर्तन निसटतं.

वेग बदलायला लूपमध्ये एवढंच: ओसीआर१ए = टक्के गुणिले ३२० भागिले १००. भागाकार शेवटी ठेवा, आधी केला तर शंभराखालची सगळी टक्केवारी शून्य होते. १०० गुणिले ३२० म्हणजे ३२,०००, आणि ऊनोवर साध्या इंट प्रकारात ३२,७६७ पर्यंतच मावतं. काठावर बसतंय म्हणून चाललंय. हाच कोड पुढे फास्ट प्रकारात ६३९ घेऊन वापरला की ५१ टक्क्यांपर्यंत ठीक चालेल आणि ५२ वर वेग भलतीकडेच जाईल. तेव्हा गुणाकार सुरुवातीपासूनच अनसाइन्ड लाँगमध्ये करा.

पंखा जोडण्याआधी डोळ्यांनी बघा

ऑसिलोस्कोप नसताना टायमर खरंच हवं तसं वागतोय का, हे एका एलईडीवर बघता येतं. सगळं तेच ठेवून तीन आकडे बदला: आयसीआर१ = ७८१२, ओसीआर१ए = १९५३ आणि शेवटच्या ओळीत १७ च्या जागी २१. २१ म्हणजे १६ अधिक ५, प्रीस्केलर १०२४. आता आवर्तन बरोबर एका सेकंदाचं होतं. एलईडीचा लांब पाय ५ व्होल्टला, आखूड पाय ३३० ओहममधून पिन ९ ला. पिन खाली असताना एलईडी लागेल, म्हणजे ट्रान्झिस्टरची उलटापालट इथेही तशीच झाली.

एलईडी पाव सेकंद लागते, पाऊण सेकंद विझते. ओसीआर१ए ला ३९०६ द्या, निम्मं-निम्मं होईल. शून्य द्या, एलईडी पूर्ण बंद राहील, एकदाही लुकलुकणार नाही. ७८१२ द्या, सलग पेटलेली राहील. लूप रिकामा ठेवूनही हे सगळं चालतं, हे मुद्दाम बघा. प्रोसेसर काहीच करत नाही, टायमर एकटा पिन हलवतोय. २५ किलोहर्ट्झवरही हेच घडतं, फक्त पंचवीस हजार पट वेगाने.

मग आकडे परत ३२० आणि १७ वर आणा, ओसीआर१ए ८० ठेवा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून पिन ९ मोजा. मीटर सरासरी दाखवतो. उलट पल्स असल्याने इथे ५ च्या पाऊणपट, म्हणजे ३.७५ च्या आसपास दिसेल. १.२५ दिसलं तर १९४ ऐवजी १३० गेलंय. यूएसबीवर ५ व्होल्ट नेमके ५ नसतात, ४.७ ही असू शकतात, त्यामुळे आधी ५ व्होल्टची पिन मोजून तिच्या पटीत हिशेब करा. पंखा जोडल्यावर निळ्या तारेवर मघाशी टिपलेल्या आकड्याच्या पाव भागाइतकं आलं पाहिजे, ट्रान्झिस्टरमुळे किंचित जास्त. मीटरवर हर्ट्झची जागा असेल तर २५ किलोहर्ट्झच्या अर्ध्या टक्क्यात आकडा यावा. एवढा फरक ऊनोवरच्या सिरॅमिक रेझोनेटरचा, त्याची काळजी नको.

पंखा जोडल्यावर

सुरुवातीला दोन सेकंद पूर्ण वेग द्या, मग खाली आणा. म्हणूनच सेटअपमध्ये ओसीआर१ए ३२० ठेवला. थांबलेला पंखा कमी ड्यूटीवर हलायला नाखूश असतो, जुना आणि धूळ बसलेला तर जास्तच. चालू असताना २० ते ३० टक्क्यांच्या खाली प्रत्येक पंख्याची वागणूक वेगळी: कोणी ठरलेल्या किमान वेगावर टिकून राहतो, कोणी थांबतो. ५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी खाली येत आपल्या पंख्याची हद्द एकदा शोधा आणि प्रोग्राममध्ये तिच्याखाली जाऊ देऊ नका.

हद्द शोधायला टॅको लागतो. हिरवी तार पिन २ ला, पिन २ पासून १० किलोओहम ५ व्होल्टला आणि १० नॅनोफॅरड ग्राउंडला. पंख्याच्या आतला ट्रान्झिस्टर ही तार फक्त खाली खेचतो, म्हणून वर ओढणारा रेझिस्टर नसेल तर मोजणी शून्य येते. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर ही तार १२ व्होल्टकडे ओढलेली असते, ते बघून इथे तसं करू नका, पिन २ जाईल. एका फेरीत दोन पल्स येतात. फॉलिंग इंटरप्टवर (पिन वरून खाली येताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एक व्होलटाइल मोजणी वाढवत राहा, दर सेकंदाला वाचा आणि ३० ने गुणा. सेकंदात ५० पल्स आल्या तर मिनिटाला १५०० फेरे.

वाचताना नोइंटरप्ट्स करून मोजणी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मूळ शून्य करा आणि मग इंटरप्ट्स चालू करा. चिप आठ बिटांची, मोजणी सोळा बिटांची, म्हणजे वाचन दोन तुकड्यांत होतं. मध्येच पल्स आली तर एक तुकडा जुना, दुसरा नवा. २५५ वरून २५६ होताना हे घडलं की ५११ किंवा ० असा आकडा येतो, पण क्वचितच, त्यामुळे पकडायला फार अवघड. कपॅसिटर गाळला तर दुसरी गंमत दिसते: निळी आणि हिरवी तार शेजारी शेजारी पळतात, २५ किलोहर्ट्झची पल्स टॅकोत झिरपते आणि फेऱ्यांचे आकडे वेडेवाकडे येतात. तेही ५० टक्क्यांवर, कारण पूर्ण वेगाला पल्सच नसते. १०० टक्क्यांना टॅको बरोबर आणि मधे चूक, असं दिसलं की हेच समजा.

राउटर किंवा इन्व्हर्टर ठेवलेल्या बंद कपाटासाठी हे करत असाल तर एक एलएम३५ तापमान सेन्सर पुरतो, अंशाला १० मिलिव्होल्ट. अ‍ॅनालॉग रेफरन्स आतल्या १.१ व्होल्टवर ठेवा म्हणजे यूएसबीच्या चढउतारांनी तापमान हलणार नाही. ३५ अंशांना ३० टक्के आणि ५० अंशांना १०० टक्के, मधे सरळ रेषा. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, तिथे दोन्ही आकडे वर सरकवा, नाहीतर पंखा दिवसभर बोंबलत राहील. वेग दर वाचनाला बदलू नका. तापमान २ अंशांनी हललं तरच बदला, म्हणजे सतत वर-खाली होणारा आवाज ऐकावा लागणार नाही.

हमखास होणाऱ्या चुका

जुन्या सवयीने कुठेतरी अ‍ॅनालॉगराइट राहून जातं. पिन ९ वर अ‍ॅनालॉगराइट शून्य लिहिलं की कोअर आतून डिजिटलराइट लो करतो आणि डिजिटलराइट पिनची टायमरशी जोडणीच तोडतं. पिन खाली, ट्रान्झिस्टर बंद, पंखा पूर्ण वेगाने: ‘बंद कर’ म्हटलं आणि सुसाट सुटला. २५५ लिहिलं तर बरोबर उलटं. पिन ९ ला डिजिटलराइटसुद्धा करायचं नाही, फक्त ओसीआर१ए ला लिहायचं.

चार तारांच्या पंख्याचे १२ व्होल्टच मॉस्फेटने तोडून वेग कमी करायचा, हा सल्लाही सर्रास दिला जातो. दोन-तीन तारांच्या पंख्याला तो काही प्रमाणात चालतो. चार तारांच्या पंख्याच्या पोटात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं. दर आवर्तनात त्याचा पुरवठा कापला की ते पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि टॅकोही निरुपयोगी होतो. मॉस्फेट लागतो तो डीसी मोटर किंवा १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीला, आणि तिथे बाजारात सहज मिळणारा आयआरएफ५२० चा तयार बोर्ड टाळा. तो पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. ऊनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ५ व्होल्टवर नीट उघडणारा आयआरएलझेड४४एन घ्या. मोटरला उलटा डायोड २५ किलोहर्ट्झवर १एन४००७ नको, तो बंद व्हायला उशीर लावतो. १ अँपिअरपर्यंत १एन५८१९, ३ पर्यंत १एन५८२२.

रीसेट दाबल्यावर किंवा स्केच अपलोड करताना पंखा क्षणभर ओरडतो. बूटलोडर (नवं स्केच उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) चालू असताना पिन मोकळी असते, म्हणून. तो दोष नाही, तसंच राहू द्या.

प्रकल्पात सर्व्हो असेल तर टायमर १ सोडावा लागतो. मग टायमर २ वर पिन ३ वापरा: टीसीसीआर२ए = ४९, टीसीसीआर२बी = १०, ओसीआर२ए = ४० आणि वेगासाठी ओसीआर२बी ० ते ४०. ट्रान्झिस्टरची जोडणी तीच, पिन ९ ऐवजी ३. माथा ओसीआर२ए मध्ये गेल्यामुळे पिन ११ चा पीडब्ल्यूएम जातो, टोन वापरता येत नाही आणि पायऱ्या ४० च उरतात. अडीच टक्क्यांची एक पायरी पंख्याला पुरते.

ईएसपी३२ या वेगळ्या बोर्डवर ही कसरत नाही. तिथे एलईडीसी नावाची वेगळी यंत्रणा आहे. कोअरच्या ३.० पासूनच्या आवृत्तीत एलईडीसीअटॅच या आज्ञेला पिन, २५००० आणि ८ बिट दिले की झालं. जुन्या आवृत्तीतली एलईडीसीसेटअप आणि एलईडीसीअटॅचपिन ही जोडी आता काढून टाकली आहे, त्यामुळे जुन्या लेखातला कोड कंपाइल होत नाही. बिट वाढवायचे तर फ्रिक्वेन्सी गुणिले पायऱ्या ८० मेगाहर्ट्झच्या आत राहिल्या पाहिजेत, म्हणजे २५ किलोहर्ट्झला जास्तीत जास्त ११ बिट. ट्रान्झिस्टरची उलटापालट ८ बिटांत २५५ मधून वजा करून सोडवा. आणि पिन ३४ ते ३९ घेऊ नका, त्या फक्त इनपुटच्या आहेत.